तिरकं छप्पर

“फाडलं बघ, अर्धं फाडलं!” आई इतक्या आनंदानं ओरडली की चौकीतला माणूस दचकला. “शालू, बघ की! अर्धं त्याला, अर्धं आपल्याला. म्हणजे खाली समुद्रापाशी परत घेणार आणि मोजणार. किती आत गेले, किती बाहेर आले. शिस्त आहे हां इथं.”

माझी आई एसटीत कंडक्टर आहे. जगात कुठंही कुणी तिकीट फाडलं की तिला तो माणूस घरचा वाटतो.

मी तेव्हा आठवीत होते. मामा क्रीट नावाच्या बेटावर द्राक्षांच्या संशोधनाचं काम करतो, त्यानं मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा दोघींना बोलावलं होतं. तिथल्या डोंगरांत खोल घळी आहेत. वर सरूच्या जंगलातून आत शिरायचं, दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून दिवसभर उतरत जायचं आणि खाली एकदम समुद्र. खालच्या गावाला रस्ताच नाही. साडेपाचला बोट येते, तिनं परत जायचं. ती चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत बसा.

“साडेपाच म्हणजे साडेपाच,” मामा म्हणाला. “ताई, ही तुझी कराड–पाटण नाही, हात दाखवला आणि थांबली.”

“माझी गाडी वेळेवरच सुटते,” आई म्हणाली. “पॅसेंजर मोजल्याशिवाय मात्र मी डबल बेल देत नाही. एक जरी कमी असला तरी गाडी हलत नाही.”

आमच्यात चौथी होती आर्गिरो मामी. ती तिथलीच, याच डोंगरात वाढलेली. मराठी तिनं मामाकडून उचललेलं, त्यामुळं ती “मी येतो, मी जेवतो” असंच बोलायची आणि सगळ्यांना बेधडक अरेतुरे करायची. आईला ते फार आवडायचं.

“ताई, तू ऐक,” मामी म्हणाली. “मी सांगतो. जिथं दगडावर दगड, तिथं वाट. दगड नाही, वाट नाही. शेळी पण वाट करते, पण तू शेळीचं ऐकू नको. शेळीला चार पाय.”

खरंच, थोड्या थोड्या अंतरावर तीन-चार दगडांची चळत रचलेली दिसत होती.

“अगं, आमच्याकडं पण रचतात!” आई म्हणाली. “डोंगरावरच्या देवाला गेलं की वाटेत दगडावर दगड ठेवायचे. स्वतःचं घर होतं म्हणतात. मी तर प्रत्येक डोंगरावर ठेवलेत. देव म्हणत असेल, ही बाई आली, आता दगड पुरायचे नाहीत.”

मामी हसली आणि पुढं काहीतरी म्हणाली. “इथं घरासाठी नाही ठेवायचं, ताई,” असं काहीसं. मी तोवर दहा पावलं पुढं होते. ऐकू आलं होतं. नाही असं नाही.

त्या दिवशी माझ्या पायांना नुसती खाज सुटली होती. विमान, मग मामाचं घर, मग मामीच्या आईकडची जेवणं, सगळीकडं “शालू, बस. शालू, नीट बस.” आणि आता समोर एवढी मोठी घळ! पायाखाली पांढरे गोटे, कडेला गुलाबी कण्हेर फुललेली, आपल्या शाळेच्या कुंपणाला असते तीच, आणि दगडांत एक झुडूप होतं, त्याचं पान चुरडलं की ओव्याचा वास. वर बघितलं तर आभाळाची एक पट्टी आणि तीत फिरणारं गिधाड. आणि आई काय करत होती? प्रत्येक पायरीवर आडवा पाय टाकत होती. नवे बूट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओढणीचं टोक.

“आई, चल ना!”

“येतेय. पुढं पळू नकोस.”

“मी फक्त त्या वळणापर्यंत.”

“टोपी घाल. आणि नजरेआड व्हायचं नाही. सांगून ठेवते.”

टोपी माझी गुलाबी होती, भडक गुलाबी, मामीनं घेतलेली. डोक्याला घाम येत होता म्हणून दुपार व्हायच्या आतच ती मी पिशवीत कोंबली. आणि नजरेआड होणं हे तर वळणांवर अवलंबून असतं ना! मी वळणापर्यंत जायचे, थांबायचे, आई दिसली की पुढच्या वळणापर्यंत. असं दहा-बारा वेळा झालं. दर वेळी ती दिसायला जास्त वेळ लागायचा.

मग मामाच्या बुटाचा तळ सुटला. म्हणजे अक्षरशः जबडा उघडल्यासारखा. मामा दगडावर बसला, मामी दोरी शोधायला लागली.

“तुम्ही बांधा,” आई म्हणाली, “मी हिच्या मागं राहते. हिच्या पायाला भिंगरी लागलीय आज.”

मी ते ऐकलं आणि पळाले. कशाला विचाराल तर मला सांगता येणार नाही. कुणी मागं राहते म्हटलं की मला पळावंसंच वाटायचं.

अर्ध्या तासानं घळ एके ठिकाणी रुंद झाली आणि वाटेला दोन फाटे फुटले. उजवीकडचा गोट्यांतून खाली जाणारा, कडेला दगडांची छोटी चळत. डावीकडचा कड्याच्या अंगानं वर चढणारा, अरुंद. मी उजवीकडं जाणार होते. पण म्हटलं थांबू. आईला एकदा तरी दाखवू की बघ, थांबले.

थांबणं मला जमत नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मी पाणी प्यायले, गिधाडं मोजली, बुटाची नाडी सोडून बांधली. डावीकडच्या फाट्यावर सपाट दगड पडले होते, पाटासारखे, एकदम सरळ. उजवीकडं सगळे गोल गोटे. एवढे सुंदर सपाट दगड बघितल्यावर हात शिवशिवणारच. आणि मला वाटलं, आईला गंमत. ती येईल तर तिचं घर तयार!

मी सात दगड लावले. खाली सगळ्यात मोठा, मग लहान, मग लहान. सातवा तिरका ठेवला, खाली एक खडा देऊन. आमचं घर मी लहानपणापासून असंच रचते. आईच्या बदल्यांमुळं तोवर आमच्या पाच डेपोंच्या गावी पाच भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या आणि पाचही गळायच्या. पहिलीत असताना मी एका डोंगरावर विचारलं होतं, “आई, छप्पर तिरकं ठेवू का? पाणी खाली जाईल.” आई हसून हसून खाली बसली होती.

घर झालं तरी आई आली नाही. अजून दोन मिनिटं थांबले. मग उजव्या वाटेनं उड्या मारत सुटले ती थेट समुद्रापर्यंत.

काय समुद्र होता! घळीच्या तोंडातून बाहेर पडलं की अंगावरच येतो, निळा नाही, हिरवा नाही, दोन्ही. तिथल्या चौकीवर मानोली नावाचे आजोबा बसले होते, मिशा अशा की त्यांत चिमणीनं घरटं करावं. मी माझं अर्धं तिकीट दिलं. त्यांनी मला एक संत्रं दिलं. अडीच वाजले होते. सगळ्यांच्या आधी मी!

पावणेचारला मामा-मामी आले. मामाच्या बुटाला दोरी, चेहरा लाल.

“आला बघा दोरीवाला!” मी ओरडले.

“ताई कुठंय?” मामानं विचारलं.

“तुमच्याबरोबर नाही?”

“ती तुझ्यामागं होती ना?”

मानोली आजोबांनी टेबलावर आमची अर्धी तिकिटं मांडली. एक. दोन. तीन. चौथ्याच्या जागी त्यांनी बोट ठेवलं आणि वर बघितलं.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं आणि तरीही संपता संपेना. घळीत फोन लागत नव्हता. मामा म्हणायला लागला, शेवटच्या टप्प्यात मोठे धोंडे आहेत, तिथं ती घसरली असणार. तो आणि आजोबा धोंड्यांमधून हाका मारत फिरले. वाटेनं येणाऱ्या चार-पाच जणांना मामीनं विचारलं. एकटी बाई, पंजाबी ड्रेस, हातात काठी. कुणीच बघितली नव्हती.

“चुकणार कुठं?” मामा परत आला तेव्हा स्वतःशीच बोलत होता. “वाट एकच आहे. कुणीही येऊ शकतं. दगडांच्या चळती बघत यायचं फक्त.”

तेव्हा मला कळलं.

मी पाणी प्यायले. मग आणखी पाणी प्यायले. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण मामा म्हणाला, “आपण परत एकदा धोंड्यांत बघू,” आणि मी म्हणाले, “हो, बघू.” मी त्यांच्याबरोबर गेलेसुद्धा. जिथं आई नाही हे मला माहीत होतं, तिथं मी “आई, आई” अशा हाका मारल्या. मोठमोठ्यानं मारल्या.

हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. क्रीटच्या गप्पा मी वर्गात शंभरदा मारल्यात, गिधाडं, बोट, सगळं. हे नाही.

साडेचार वाजले. मामी किनाऱ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी तिच्यासमोर बसले.

“मामी, मी एक घर बांधलं.”

“काय?”

“घर. वर. आईसाठी.”

तिला कळेना. मग मी किनाऱ्यावरचे चपटे खडे घेतले आणि एकावर एक ठेवले. दोनदा पडले. तिसऱ्यांदा सात राहिले. मामी बघत होती. सातव्याला तिचा चेहरा बदलला.

“कुठं?”

“दोन वाटा आहेत तिथं.”

“कुठली वाट, शालू?”

“डावी.”

मला वाटलं आता ती मारणार. तिनं माझं मनगट पकडलं, उठली आणि मानोली आजोबांकडं बघून त्यांच्या भाषेत ओरडली. आजोबांनी खुर्चीमागची काठी आणि दोराची गुंडाळी घेतली.

“ती वाट नाही,” मामी मला म्हणाली. “ती शेळ्यांची. पुढं संपते.”

“संपते म्हणजे?”

“संपते.”

मामाला त्याच्या बुटाचं भान नव्हतं, तो यायला निघाला. मामीनं त्याला खाली बसवलं. “तू बोटवाल्याला सांग. ताई खाली आली तर कुणी पाहिजे.” मग आम्ही तिघं परत घळीत शिरलो. चढण. सकाळी मला चालवत नव्हतं म्हणून पळत होते, आता पळवत नव्हतं. मामी मधेच म्हणाली, “मी पण बघितला तुझा दगड. म्हणजे, डोळ्यानं बघितला, डोक्यानं नाही. आम्ही बूट बघत होतो.” ती माझ्यासाठी म्हणत होती ते कळत होतं. काही उपयोग झाला नाही.

फाट्याशी पोचलो तेव्हा खाली समुद्राकडून भोंगा आला. साडेपाच. बोट.

माझं घर तिथंच उभं होतं. तिरकं छप्पर, सगळं. आजोबा त्याच्याकडं बघत राहिले आणि मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. ते वाकले, धुळीतली एक खूण बोटानं दाखवली. नव्या बुटाची जाळी-जाळी. शेजारी काठीचं भोक.

डावी वाट आधी दोन पावलांची होती, मग एका पावलाची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आजोबा पुढं, मी मधे, मामीचा हात माझ्या पिशवीच्या पट्ट्यात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला एकच कळत नव्हतं. आई एवढी भित्री. जिनासुद्धा कठड्याला धरून उतरणारी. ती इथं आली कशी? पहिल्या दहा पावलांतच ती म्हणाली असती, “ही कसली वाट? चला मागं.”

मग शिट्टी ऐकू आली.

एसटी मागं घेताना कंडक्टर मागं उभा राहून वाजवतो ती शिट्टी. आईच्या पर्समध्ये ती कायम असते, देवळात जातानासुद्धा. एक लांब शिट्टी. मग शांत. मग परत एक लांब.

“आई!” मी ओरडले. “आई!”

शिट्टी थांबली.

वाट जिथं संपत होती तिथं एक वाकडं सरूचं झाड होतं आणि त्याच्या मुळाशी आई बसली होती. एक बूट पायात नव्हता. घोटा सुजलेला. दोन्ही तळहात खरचटलेले, ड्रेसच्या गुडघ्याला रक्त. ती झाडाला धरून पुढं झुकून खाली दरीत बघत होती. मी “आई” म्हटलं तेव्हाही तिनं आधी वळून बघितलं नाही. आधी खालीच बघितलं. मग माझ्याकडं.

“टोपी कुठंय तुझी?”

“पिशवीत.”

“दाखव.”

मी पिशवी उघडली, टोपी काढली. तिनं ती हातात घेतली, आतून-बाहेरून उलटी करून बघितली, जणू कुणाचं तिकीट तपासतेय. मग माझ्या डोक्यावर घातली आणि दोन्ही हातांनी कानांपर्यंत खाली ओढली. ओढतच राहिली.

मी तिच्या खांद्यावरून खाली बघितलं. पुष्कळ खाली, कोरड्या पात्रात, दोन धोंड्यांच्या मधे काहीतरी गुलाबी होतं. कण्हेरीचं एक झुडूप. वरून बघितलं तर एवढंसं.

“हालत होतं,” आई म्हणाली. “वाऱ्यानं असेल. मला वाटलं तू हात हलवतेयस. उतरायला गेले तर पाय मुरगळला. मग म्हटलं, शिट्टी तरी ऐकू जाईल.”

“तीन तास?”

“एकच देत होते. सिंगल बेल.” तिनं शिट्टी मुठीत धरली. “म्हणजे थांब. हलू नकोस. मी येतेय.”

मामी खाली बसून तिच्या घोट्याला ओढणी बांधायला लागली. मला आता सगळं एकदम सांगायचं होतं. “आई, ते दगड मी लावले. तुला वाट वाटली ना? चुकून लावले, मामीनं सकाळी सांगितलं होतं, पण मी…”

“वाट कुठली वाटायला?” आई म्हणाली. “वाट तर मला उजवीकडची दिसत होती. माणसाची वाट आणि शेळीची वाट मला कळत नाही होय?”

“मग?”

“तिरकं छप्पर.” ती म्हणाली. “अख्ख्या जगात असं छप्पर कोण ठेवतं? म्हटलं, माझं पॅसेंजर इकडं गेलंय.”

मी टोपी डोळ्यांवर ओढली.

“पुढं वाट बारीक होत गेली,” आई मामीला सांगत होती, माझ्याकडं न बघता. “दोनदा वाटलं, मागं फिरावं. पण मी मागं फिरले आणि ही पुढं असली, तर?”

आजोबांनी दोर आईच्या कमरेला बांधला. एका बाजूला ते, एका बाजूला मामी. मी मागं. त्या वाटेवर मी आईच्या मागं चालले, तिच्या टाचेकडं बघत, एकेक पाऊल. तिनं आडवा पाय टाकला की मीही आडवा टाकायचे.

फाट्याशी आलो. आजोबांनी माझ्या घराकडं बघितलं आणि लाथ मारायला पाय उचलला.

एक लांब शिट्टी.

आजोबांचा पाय हवेतच राहिला. आई मामीला म्हणाली, “त्यांना सांग, घर आहे. लाथ नाही मारायची.”

मामीनं सांगितलं. आजोबा काहीतरी म्हणाले.

“तो म्हणतो, ठेवता येत नाही, ताई. उद्या दुसरा कुणी जाईल.”

“ठेवायचं कोण म्हणतंय?”

आई लंगडत तिथं गेली, खाली बसली आणि सातवा दगड दोन्ही हातांनी उचलून मला दिला. “तिकडं ने. उजवीकडं.” मग सहावा. मग पाचवा. मी एकेक दगड पलीकडं नेऊन खऱ्या चळतीपाशी मांडत गेले. सगळ्यात मोठा आजोबांनी आणला. मग आम्ही त्या चळतीवर एकेक चढवले, मोठा खाली, लहान वर. चळत माझ्या कमरेपर्यंत आली. आता लांबच्या वळणावरूनसुद्धा दिसली असती.

शेवटचा दगड माझ्या हातात राहिला. मी तो सपाट ठेवायला गेले.

“असा नको,” आई म्हणाली. “पाणी कुठं जाईल?”

मी खाली खडा दिला.

ती चालायला उभी राहिली, मामीच्या खांद्यावर एक हात, माझ्या टोपीवर दुसरा. बोट गेलेली होती. बोटीचं कुणालाच काही नव्हतं. आईनं आमच्यावरून नजर फिरवली, ओठ हलताना मला दिसले. एक, दोन, तीन. स्वतःला धरून चार.

मग तिनं शिट्टी तोंडात धरली आणि दोनदा वाजवली. टुर्र, टुर्र.

आम्ही निघालो.